कान खोटं बोलत नाही

मर्डोकाकाला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो एका एडक्याशी मारामारी करत होता. ही नुसती बोलायची पद्धत नाही, खरोखरच मारामारी चालली होती. स्टेट कॉलेज नावाच्या गावाबाहेर, शेवटच्या बस स्टॉपपासून दीड मैलावर त्याचं मेंढ्यांचं फार्म होतं. घराचा वरचा मजला भाड्याने द्यायचा आहे, अशी चिठ्ठी तिथे पीएचडी करणाऱ्या माझ्या नवऱ्याने, श्रीकांतने, डिपार्टमेंटच्या बोर्डावर वाचली होती. दोन हजार एकचा ऑगस्ट. माझ्या लग्नाला तीन महिने झाले होते आणि अमेरिकेला अकरा दिवस. आम्ही दोघं फाटकाशी उभे होतो आणि आत साठी ओलांडलेला, बुटका, जाड मानेचा एक माणूस एडक्याच्या धडकेने शेणात तोंडघशी पडला होता. तो उठला. तोंड पुसलं. एडक्यापाशी गेला आणि त्याच्या दोन डोळ्यांच्या मधोमध ठोसा हाणला. हाड मोडल्याचा आवाज आम्हाला फाटकाशी ऐकू आला. एडक्याने नुसती मान झटकली. काकाने पुन्हा मारलं, त्याच हाताने. मग वळून आम्हाला म्हणाला, "जिना मागच्या बाजूला आहे. गरम पाणी यायला वेळ लागतो."

त्याची उजव्या हाताची दोन बोटं मोडली होती. दवाखान्यात न जाता त्याने ती लाकडाच्या चिपेला टेपने बांधून टाकली आणि ती वाकडीच जुळली. या बोटांशी पुढे काम पडणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

माझ्या व्हिसावर मला नोकरी करता येत नव्हती आणि गाडी चालवायला मी अजून शिकले नव्हते. श्रीकांत सकाळी आठला जायचा तो अंधार पडताना यायचा. मधल्या वेळात मैलभराच्या परिसरात बोलायला माणूस म्हणजे हा एकच. काका मीच म्हणायला लागले. त्याने अर्थ विचारला. "बापाचा भाऊ," मी म्हटलं. त्याचा चेहरा कसनुसा झाला, पण त्याने चालवून घेतलं. त्याची मातृभाषा गेलिक. इंग्रजी तो शाळेत छड्या खाऊन शिकला होता आणि छड्या मारल्यासारखंच बोलायचा. पहिले दोन महिने मला त्यातलं काही कळलं नाही, श्रीकांतला शेवटपर्यंत कळलं नाही. इथे त्याचं बोलणं मी मराठीत देते आहे, शिव्या गाळून. म्हणजे साधारण निम्मं.

तो हालाविकचा. स्कॉटलंडच्या पश्चिमेला समुद्रात एक बेट, त्या बेटाच्या टोकाला रस्ता संपतो तिथे आठ घरं. झाड एकही नाही, कारण वारा उभं राहू देत नाही. प्रत्येक घरामागे जमिनीची एक चिंचोळी पट्टी, समुद्रापर्यंत उतरलेली. घर आणि पट्टी मिळून त्याला ते क्रॉफ्ट म्हणत. त्यावर बटाटे आणि ओट. बटाट्याला खत म्हणून वाहून आलेलं शेवाळ पाठीवरून आणायचं. दलदलीतली माती विटांसारखी कापून, वाळवून चुलीत घालायची. आणि मागचा सगळा डोंगर आठ घरांचा मिळून एक. त्यावर सगळ्यांच्या मेंढ्या एकत्र चरायच्या. हे सगळं तो सांगायचा ते हातातलं काहीतरी तोडता फोडता. लाकडं फोडताना बटाट्यांचं, मेंढीच्या खुराला आलेलं गळू फोडताना शेवाळाचं. रिकाम्या हाताने तो कधी गावाबद्दल बोलला नाही.

पहिल्या ऑक्टोबरात मी एका रविवारी कपडे धुवून मागच्या दोरीवर वाळत घातले. श्रीकांतचे सहा शर्ट, माझे दोन पंजाबी ड्रेस, चादर. काका खालून आला, चाकू काढला आणि दोरी दोन्ही टोकांना कापली. सगळं चिखलात. "रविवारी दोरीवर कपडे घालत नाहीत," म्हणाला. हालाविकमध्ये रविवार देवाचा, त्या दिवशी सगळी कामं बंद, कोंबडा आणि कोंबडीलासुद्धा वेगळं ठेवायचे, हे मला नंतर कळलं. मी काही गरीब गाय नाही. कराडला माझ्या माहेरी आमच्या बायकांचा आवाज चार घरं पलीकडे जातो. मी धुण्याची बादली उचलली आणि सगळं साबणाचं पाणी त्याच्या अंगावर फेकलं. म्हटलं, "आता तुमचेही कपडे ओले झाले. घाला कुठे वाळत." तो निथळत उभा राहिला आणि हसला. मी त्याला हसताना बघितलं ते तेव्हाच पहिल्यांदा. सोमवारी सकाळी नवी दोरी बांधलेली होती. मी विचारलं, एवढी देवाची भक्ती आहे का? तो म्हणाला, "देव नाहीये. पण रविवार आहे."

आमची मैत्री झाली ती अशी. मैत्री म्हणजे तो ओरडायचा आणि मी उलट ओरडायचे. श्रीकांत म्हणायचा, "यार, तुम्ही दोघं नॉर्मल व्हॉल्यूममध्ये का बोलत नाही?"

मेंढ्यांच्या कानाला प्लास्टिकचा बिल्ला लावायला हवा, असा नियम त्या सुमारास आला. ते सांगायला एक सभ्य माणूस फाइल घेऊन आला होता. काकाने त्याची फाइल एडक्यापुढे टाकली आणि त्याला बखोटीला धरून गाडीपर्यंत नेऊन सोडलं. पुढे बिल्ले लावावेच लागले, पण काकाचा विश्वास चाकूवर होता. प्रत्येक कोकराच्या उजव्या कानात तो एक त्रिकोणी खाच पाडायचा. डोंगर एक, कळप एकत्र, त्यामुळे कुठली मेंढी कोणाची हे गावात फक्त कानावरून ठरायचं. प्रत्येक घराची खूण वेगळी आणि बापाकडून आलेली. काकाच्या बापाची खूण त्रिकोणी खाच. दोन मुलं झाल्यावर त्याने ती वाटून दिली. मोठा मर्डो, त्याला उजवा कान. धाकटा तोर्मड, त्याला डावा.

"बिल्ला पडतो, रंग धुतला जातो, माणूस तर बोलतोच खोटं," तो म्हणायचा. "कान खोटं बोलत नाही." हे वाक्य मी तीन वर्षांत शंभरदा ऐकलं असेल. एकदा माझ्या कानांकडे बघून त्याने विचारलं, "तुझ्या कानात ही कोणाची खूण?" मी म्हटलं, कोणाची नाही, बाराव्या दिवशी सोनाराने टोचलेत. तो म्हणाला, "म्हणजे तू सोनाराची."

दोन हजार तीनच्या मार्चमध्ये कुत्र्यांचा प्रकार झाला. मेंढ्या व्यायच्या दिवसांत, पहाटेच्या धुक्यात, रस्त्यापलीकडच्या घरातली दोन मोठी कुत्री कुंपणाखालून आत शिरली. मी ओरडा ऐकून खाली धावले तेव्हा सहा कोकरं मरून पडली होती आणि एक मेंढी गळा फाटलेल्या अवस्थेत उभी होती. उभी होती, हेच मला सहन झालं नाही. काकाने तिला आधी मोकळं केलं, चाकूने, एका हिसक्यात. मग बंदूक आणून एका कुत्र्याला गोळी घातली. दुसरं पळालं. मेलेलं कुत्रं त्याने खांद्यावर टाकलं, रस्ता ओलांडला, मालकाच्या पायरीवर ठेवलं आणि दार वाजवलं. मी फाटकातून बघत होते. मालक बाहेर आला, कुत्रं बघितलं आणि बर्फ ओढायचं फावडं उचलून त्याने काकाच्या डोक्यात घातलं. काका पडला नाही. त्याने त्या माणसाची कॉलर धरली आणि स्वतःच्या फुटलेल्या कपाळाने त्याचं नाक फोडलं.

पोलीस येऊन जाईपर्यंत मी त्याला स्वयंपाकघरात बसवून टॉवेल दाबून धरला होता. रक्त थांबेना, म्हणून हळदीचा अख्खा डबा ओतला. पिवळंधमक कपाळ घेऊन तो टेबलाशी बसला होता आणि अगदी शांत होता. मारामारीनंतर तो नेहमी असा शांत व्हायचा. तेव्हाच त्याने सांगितलं. "मी एकदा कान कापला होता. माणसाचा."

तो बावीस वर्षांचा होता. हेमंतात सगळ्या मेंढ्या डोंगरावरून खाली आणून दगडी मेंढवाड्यात घालत आणि आठही घरं मिळून ज्याच्या त्याच्या वेगळ्या काढत. त्या दिवशी त्याच्या तीन मेंढ्यांच्या मागे तीन कोकरं होती. आयांच्या उजव्या कानात खाच, कोकरांच्या डाव्या. म्हणजे मर्डोच्या मेंढ्यांची कोकरं तोर्मडने आपल्या नावावर करून घेतली. हालाविकमध्ये याहून मोठी चोरी नाही. सगळ्या गावासमोर मर्डोने भावाला चोर म्हटलं. तोर्मड काही बोलला नाही. नाही म्हणाला नाही, हो म्हणाला नाही, खाली बघत राहिला. मर्डोने त्याला मेंढवाड्याच्या घाणीत पालथा पाडला, मानेवर गुडघा ठेवला आणि त्याच्या उजव्या कानात खाच पाडली. आपली खूण. "म्हटलं, आता हासुद्धा माझाच," काका मला म्हणाला. त्याच संध्याकाळी बापाने त्याला बोटीत बसवून दिलं. आधी जहाजांवर नोकरी, मग बाल्टिमोर, मग एका विधवेशी लग्न आणि तिचं हे फार्म. ती गेली त्यालाही दहा वर्षं झाली होती. भावाशी तो तेव्हापासून एक शब्द बोललेला नव्हता.

"आणि तो खरंच चोर होता?" मी विचारलं.

"कान खोटं बोलत नाही," काका म्हणाला. आणि त्याने खिशातून तो चाकू काढून टेबलावर ठेवला. हाडाच्या मुठीचा, घडीचा. माझी कपड्यांची दोरी त्याच चाकूने कापली होती आणि सकाळी मेंढीही.

मला त्याची भीती वाटली. आदल्या दिवसापर्यंत वाटत नव्हती, आता वाटायला लागली. श्रीकांतला म्हटलं, दुसरीकडे जाऊ या. तो म्हणाला, "माझे क्वालिफायर्स आहेत गं, आत्ता शिफ्टिंग कॅन्सल कर." मग राहिलो. खरं सांगायचं तर मलाही जायचं नव्हतं. त्या माणसाबरोबर कंटाळा कधी आला नाही आणि परदेशात घरी बसलेल्या बाईला ही फार मोठी गोष्ट होती.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये त्याची वाकडी बोटं पारच आखडली. कान नेमका धरता येईना. तेव्हा तो मला म्हणाला, "तू काप." मी आधी नाही म्हटलं, मग शिकले. पद्धत अशी की कोकरू दोन गुडघ्यांत धरायचं, त्याचं तोंड आपलं तोंड आहे त्याच दिशेला. म्हणजे आपला उजवा हात तोच त्याचा उजवा कान. पंधरा-सोळा कोकरं मी नीट केली. पाऊस भुरभुरत होता, हात गार पडले होते आणि एक कोकरू निसटून फिरलं. त्याचं तोंड माझ्याकडे झालं. मी ते तसंच गुडघ्यांत पकडलं आणि माझ्या उजव्या हाताला जो कान आला त्यात खाच पाडली. पुढचंही तसंच.

"कुठला कान?" काका कुंपणाशी उभा राहून ओरडला.

"उजवा."

"कोणाचा उजवा?"

मी खाली बघितलं. कोकराच्या डाव्या कानातून रक्त येत होतं. "सॉरी काका," मी म्हटलं. "घाईत फिरवायचं राहिलं." मला वाटलं आता शिव्या. तो जवळ आला, माझ्या गुडघ्यांतून कोकरू काढलं, आपल्याकडे तोंड करून धरलं. मग फिरवलं. पुन्हा आपल्याकडे तोंड करून धरलं. असं चार-पाच वेळा केलं. कोकरू केविलवाणं ओरडत होतं आणि त्याची आई बाहेर धडका देत होती. मग त्याने ते सोडून दिलं.

"पाऊस पडत होता," तो म्हणाला. "शेवटची तीनच राहिली होती. आणि खालून आई ओरडली की आमची बांधलेली होडी सुटली."

एवढंच बोलला. मग कुंपणाच्या खांबापाशी गेला आणि त्यावर आपलं कपाळ आपटायला लागला. फावड्याचा व्रण होता तिथेच, धाड धाड. मी त्याला मागून कवटाळलं तर त्याने मला झटकून दिलं आणि मी चिखलात बसले. सातव्या-आठव्या धडकेला तो आपणच खाली बसला. तीन कोकरं कोणी चोरली नव्हती. त्याने स्वतःच ती होडीच्या घाईत उलटी धरून कापली होती. चाळीस वर्षं जो माणूस चोर म्हणून कापलेला कान घेऊन त्या आठ घरांत वावरला, त्याने काही केलेलंच नव्हतं. मला त्या चिखलात बसून रडू आलं, तोर्मडसाठी की याच्यासाठी ते सांगता येणार नाही. कान खोटं बोलत नाही, हे वाक्य त्यानंतर मी त्याच्या तोंडून ऐकलं नाही.

त्याला आता एकच गोष्ट हवी होती. तोर्मडला हे सांगायचं, दोघांपैकी एक जण मरायच्या आत. दर शनिवारी तो फोन लावायचा. पलीकडे कोणीतरी उचलायचं, आवाज ओळखायचं आणि ठेवून द्यायचं. असे सहा शनिवार गेले. प्रत्येक शनिवारी काहीतरी फुटलं. एकदा खिडकी, एकदा फोनच. सातव्या शनिवारी पलीकडून उचलल्याबरोबर काकाने एका दमात गेलिकमध्ये दोन वाक्यं बोलून टाकली. फोन ठेवल्याचा आवाज आला नाही. दोन्हीकडून कोणी बोलतही नव्हतं. मी बटाटे सोलत होते, ते सोलून झाले तरी काका कानाला फोन लावून उभा होता.

ऑक्टोबरमध्ये तोर्मड आला. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसून. काकापेक्षा उंच, वाकलेला, डोक्यावर लोकरीची टोपी कानांखालपर्यंत ओढलेली. तीन दिवस राहिला आणि तीन दिवस ती टोपी निघाली नाही, जेवतानाही नाही. दोघं भाऊ मेंढ्यांपुरतं बोलायचे. मी पोहे केले, ते त्याने मुकाट्याने दोनदा घेतले. काका त्याच्या टोपीकडे बघायचा आणि बघणं टाळायचा. मी त्याला इतका गरीब झालेला कधी पाहिला नव्हता, आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी दोघं मेंढवाड्यात होते. मी दाण्याची बादली घेऊन आत शिरले तेव्हा काकाने खिशातून तो चाकू काढला, उघडला आणि मूठ पुढे करून भावाच्या हातात दिला. मग एक बादली उपडी घातली आणि भावाकडे पाठ करून तिच्यावर बसला. ताठ. हात गुडघ्यांवर. मला कळलं. तोर्मड त्याच्या मागे उभा राहिला. दोन बोटांत त्याने काकाचा उजवा कान धरला, कोकराचा धरतात तसा दुमडून. चाकू वर आणला. आणि थांबला. मग तो गेलिकमध्ये बोलायला लागला. तीन दिवसांत बोलला नव्हता इतकं एकदम बोलला आणि बोलताना त्याचा आवाज फुटला.

काका वळला नाही. समोर बघत मला इंग्रजीत म्हणाला, "तो म्हणतोय, त्याने बघितलं होतं. त्या दिवशी, भिंतीपलीकडून. मी कोकरं उलटी धरत होतो ते. म्हणतोय, तीन कोकरं आयती मिळत होती, म्हणून गप्प बसला. आणि मी सगळ्यांसमोर चोर म्हटल्यावर काय सांगणार?"

मग तो उठला. बादली गडगडत गेली. त्याचं हे उठणं मला माहीत होतं. एडक्यासमोर असाच उठला होता, कुत्र्याच्या मालकासमोर असाच उभा राहिला होता. मी "काका" म्हणून किंचाळले, त्याने ऐकलं नाही. भावाचं मनगट पिरगळून त्याने चाकू काढून घेतला, दुसऱ्या हाताने त्याचा गळा धरला आणि त्याला कुंपणावर असा आदळला की फळी मोडली. मेंढ्या एका कोपऱ्यात कोंदल्या. मी दहा पावलांवर होते आणि मी धावले नाही. हे मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. मी बादली धरून उभी राहिले.

तोर्मडची टोपी खाली पडली होती. त्याच्या उजव्या कानात वरच्या कडेला स्वच्छ त्रिकोणी खाच होती, कडा जुन्या होऊन गुळगुळीत झालेल्या. काकाने ती पाडली होती, पण भरून आलेली पाहिली नव्हती. चाकूचा हात वर होता. तोर्मड हात खाली सोडून उभा होता, चाळीस वर्षांपूर्वी उभा राहिला असेल तसाच. काका त्या कानाकडे बघत राहिला. मग त्याने चाकू कुंपणाच्या खांबात मुठीपर्यंत खुपसला आणि वाकवून मोडला. हाडाची मूठ तेवढी हातात आली, ती त्याने मेंढ्यांच्या पायांत टाकली.

डिसेंबरात श्रीकांतला शिकागोत नोकरी लागली आणि आम्ही तिथे जवळच नेपरव्हिलला राहायला आलो. म्हणजे यानंतरही दोनेक महिने मी काकाला रोज पाहिलं असणार, पण त्यातलं काही माझ्यापाशी राहिलेलं नाही. माझ्यापाशी राहिला आहे तो त्या मेंढवाड्यात खाली वाकलेला. त्याने ती टोपी उचलली, मांडीवर आपटून तिचं शेण झटकलं आणि दोन्ही हातांनी, त्या वाकड्या बोटांनी, भावाच्या डोक्यावर घालून दोन्ही कानांवरून खाली ओढली.